ॲव्होगॅड्रो : वजनातून संख्या वाचायला शिकवणारा वकील

जुलाब लागले की घरात ‘ओआरएस’ची पुडी येते. एक लिटर पाण्यात मिसळायच्या या पुडीत साडेवीस ग्रॅम पावडर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधे मीठ २.६ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. वजने पाहिली तर हे साखरेचे पाणी आहे आणि त्यात चवीपुरते मीठ टाकले आहे, असेच वाटेल. पण वजन बाजूला ठेवून कण मोजले, तर चित्र बदलते. त्या एक लिटर पाण्यात ग्लुकोजचे जितके रेणू असतात, जवळजवळ तितकेच सोडियमचे कण असतात. दोन्हींचा आकडा एकच, ७५ मिलिमोल.

हा योगायोग नाही. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी आत शिरते. जुलाबाने शरीर कोरडे पडत असतानाही हा दरवाजा बहुधा चालू राहतो. त्यासाठी दोघांचे प्रमाण जुळलेले लागते, आणि ते जुळवायचे असते संख्येने. तराजू मात्र फक्त वजन सांगतो. वजनावरून संख्येकडे जायचे तर त्या पदार्थाचे मोलर वस्तुमान ठाऊक असावे लागते.

नववीच्या विज्ञानात हे गणित आपण सगळ्यांनीच केलेले असते. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणू. कार्बन १२, हायड्रोजन १, ऑक्सिजन १६. म्हणजे ७२ अधिक १२ अधिक ९६, बेरीज १८०. म्हणून १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल, आणि साडेतेरा ग्रॅम म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलिमोल. अर्ध्या मिनिटाचे काम. पण या बेरजेत ऑक्सिजनचा आकडा १६ घ्यायचा की ८, यावर युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षे अडून बसले होते. त्या कोड्याचे उत्तर एका माणसाने सुरुवातीलाच, १८११ मध्ये, छापून ठेवले होते. त्याचे नाव अमेदेओ ॲव्होगॅड्रो.

वकिलाच्या घरातला मुलगा

ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी तुरिन येथे झाला. आज हे शहर इटलीत आहे. तेव्हा इटली नावाचा एकसंध देश नव्हता आणि तुरिन ही पिडमाँट-सार्डिनिया राज्याची राजधानी होती. घराणे उमराव. पूर्ण नाव लोरेन्झो रोमानो अमेदेओ कार्लो ॲव्होगॅड्रो, आणि क्वारेन्या व चेर्रेतो या गावांची काउंट ही पदवी वडिलांकडून आलेली. वडील नामांकित कायदेपंडित. मुलानेही तीच वाट धरली. १७९६ मध्ये, विशीतच, त्यांनी चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली आणि वकिली सुरू केली.

पण मन तिथे रमले नाही. १८०० च्या सुमारास त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्राचा अभ्यास स्वतःहून सुरू केला. थोरला व्होल्टा त्याच काळात विजेची बॅटरी घेऊन जगापुढे आला होता. ॲव्होगॅड्रो आणि त्यांचे भाऊ फेलिचे यांनीही विजेवरच पहिला निबंध लिहिला. वकिली मागे पडली. १८०६ मध्ये ते तुरिनमध्ये प्रात्यक्षिके दाखवणारे शिक्षक झाले आणि १८०९ मध्ये व्हेर्चेल्ली येथील महाविद्यालयात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक. व्हेर्चेल्ली हा भातशेतीचा मुलूख. पॅरिस, लंडन, स्टॉकहोम या रसायनशास्त्राच्या पेठांपासून दूर. तिथे बसून त्यांनी जो निबंध लिहिला, त्याने त्यांचे नाव पुढे अमर केले. मात्र त्या वेळी त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही.

पाण्याचा आकडा नऊ की अठरा?

त्या काळचे कोडे असे होते. इंग्लंडमधले जॉन डाल्टन यांनी मांडले होते की प्रत्येक मूलद्रव्य अणूंचे बनलेले असते आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरलेले असते. एक अणू काही तराजूत घालता येत नाही. पण हायड्रोजन १ धरला तर बाकीचे त्याच्या किती पट जड, हे काढता यायला हवे.

पाण्याचे उदाहरण घेऊ. पाण्याचे पृथक्करण केले तर १ ग्रॅम हायड्रोजनमागे सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. हे मापता येते, यात वाद नाही. वाद पुढे आहे. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड आणि पाण्याचा आकडा ९. पण हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर ऑक्सिजन १६ आणि पाणी १८. सूत्र कळल्याशिवाय अणूचे वजन कळत नाही, आणि अणूचे वजन कळल्याशिवाय सूत्र ठरवता येत नाही. डाल्टन यांनी सोपेपणाच्या तत्त्वावर भिस्त ठेवली. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू मानावे, असा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांच्या पाण्यात हायड्रोजन एकच राहिला.

दरम्यान फ्रान्सचे गे-ल्युसाक यांनी वायूंची वजने सोडून आकारमाने मोजली. दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन यांच्यापासून दोन लिटर वाफ तयार होते. इतर वायूंमध्येही अशीच पूर्ण अंकांची साधी प्रमाणे दिसतात. हे निरीक्षण डाल्टन यांच्या चौकटीत बसेना, म्हणून त्यांनी ते मानलेच नाही.

दोन पोती, सारखे दाणे

व्हेर्चेल्लीच्या प्राध्यापकांनी या दोघांना जुळवून घेतले. १८११ मध्ये पॅरिसच्या एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा फ्रेंच निबंध आला. मूलद्रव्यांच्या रेणूंची सापेक्ष वजने कशी काढावीत, हाच त्याचा विषय आणि हेच त्याच्या शीर्षकात लिहिलेले. म्हणजे आज ज्याला आपण मोलर वस्तुमान काढणे म्हणतो, त्याचाच तो पाया.

त्यातली मुख्य कल्पना एका वाक्यात सांगता येते. तापमान आणि दाब सारखा असेल, तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. एक लिटर हायड्रोजन, एक लिटर ऑक्सिजन, एक लिटर वाफ, सगळ्यांत रेणू तितकेच.

याचा फायदा काय, हे धान्याच्या पोत्यांवरून कळेल. दोन पोत्यांत दाण्यांची संख्या सारखी आहे एवढे माहीत असेल, तर दाणे मोजायची गरजच नाही. पोत्यांच्या वजनांचे जे गुणोत्तर, तेच एकेका दाण्याच्या वजनाचे गुणोत्तर. ज्वारीच्या पोत्यापेक्षा हरभऱ्याचे पोते जितके पट जड, तितके पट हरभऱ्याचा दाणा जड. ॲव्होगॅड्रो यांनी वायूंना हेच लावले. हवेच्या तुलनेत ऑक्सिजनची घनता त्या वेळच्या मापांनुसार १.१०३५९ आणि हायड्रोजनची ०.०७३२१. भागाकार केला तर सुमारे १५. आजचा आकडा १६ आहे. फरक त्या काळच्या मापातला आहे, विचारातला नाही.

दुसरी अडचण त्यांनी अधिक धाडसाने सोडवली. एक लिटर ऑक्सिजनपासून दोन लिटर वाफ होते, म्हणजे ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू होतात. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजन तर हवाच. मग ऑक्सिजनचा एक रेणू दुभंगल्याशिवाय हे शक्य नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन या वायूंचे रेणू एकेकट्या अणूंचे नसतात. ते दोन अर्ध्यांचे बनलेले असतात आणि संयोग होताना फुटतात. त्यामुळे पाण्यात हायड्रोजनचे दोन भाग आणि ऑक्सिजनचा एक भाग. आज ज्याला शाळकरी मूलही ‘एच-टू-ओ’ म्हणते, ते सूत्र या तर्कातून पक्के झाले. पुढे १८२१ मध्ये त्यांनी याच पद्धतीने अल्कोहोलचेही बरोबर सूत्र सुचवले.

कुणी का ऐकले नाही?

विरोधाची मुख्य जागा होती ती दोन सारख्या अणूंची जोडी. डाल्टन यांच्या मते एकाच वायूचे अणू एकमेकांना दूर ढकलतात. स्वीडनचे बर्झीलियस हे त्या पिढीतले सर्वांत मोठे विश्लेषक. अणूंची वजने त्यांच्याइतक्या काळजीने कुणी मोजली नव्हती. त्यांची धारणा अशी की अणू जोडले जातात ते विरुद्ध विद्युतप्रभारांमुळे. मग ऑक्सिजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरून बसतील कसे? त्या काळच्या ज्ञानानुसार हा आक्षेप वाजवी होता. दोन सारखे अणू इलेक्ट्रॉनची भागी करून बांधले जातात, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

काही दोष ॲव्होगॅड्रो यांच्याकडेही जातो. त्यांनी या विषयात स्वतः नवे प्रयोग केले नाहीत. दुसऱ्यांची मापे घेऊन ते तर्क करत. अणू हा शब्द न वापरता त्यांनी रेणूचेच निरनिराळे प्रकार सांगितले, त्यामुळे वाचणारा गोंधळे. जिथे वायूंची मापे नव्हती, तिथेही त्यांनी अंदाज बांधले. शिवाय पुढे फ्रान्सच्या द्युमा यांनी ही पद्धत गंधक, फॉस्फरस आणि पारा यांच्या वाफेला लावून पाहिली, तेव्हा उत्तरे विचित्र आली. कारण सगळ्यांच्याच वाफेत दोन-दोन अणूंचे रेणू असतील, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात फॉस्फरसच्या वाफेत चार-चार अणूंचे रेणू असतात आणि पाऱ्याच्या वाफेत सुटे अणू. तत्त्व बरोबर होते, गृहीतक चुकले होते. पण दोष तत्त्वाच्या माथी बसला.

आयुष्यही सरळ रेषेत गेले नाही. १८२० मध्ये तुरिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी गणिती भौतिकशास्त्राचे अध्यासन निर्माण केले. दुसऱ्याच वर्षी पिडमाँटमध्ये राज्यघटनेसाठी उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि लवकरच ते अध्यासनही बंद झाले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या या शास्त्रज्ञाला पुन्हा कायद्याच्या कामाकडे वळावे लागले. अध्यासन १८३२ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा ते प्रसिद्ध फ्रेंच गणिती कोशी यांना दिले गेले. कोशी तुरिन सोडून गेल्यावर, १८३४ मध्ये, ते पुन्हा ॲव्होगॅड्रो यांच्याकडे आले. १८५० मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. या काळात त्यांनी पदार्थांच्या भौतिकशास्त्रावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हवामान, सांख्यिकी, वजनमापे यांवरच्या सरकारी समित्यांत काम केले. ९ जुलै १८५६ रोजी तुरिनमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या नियमाला रसायनशास्त्रात मान्यता मिळालेली नव्हती.

कार्ल्सरूहची पुस्तिका

तोवर रसायनशास्त्रात पुरता घोळ झाला होता. कुणी ऑक्सिजन ८ धरी, कुणी १६. कुणी कार्बन ६, कुणी १२. एकाच लेखातले सूत्र वाचताना लेखक कोणत्या पंथाचा, हे आधी शोधावे लागे. जर्मनीच्या केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाची त्या वेळी प्रचलित असलेली १९ वेगवेगळी सूत्रे नोंदवली. हा घोळ मिटवण्यासाठी ३ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

तिथे सिसिलीचे स्तानिस्लाओ कानिझारो उभे राहिले. १८४८ च्या सिसिलीतल्या बंडात भाग घेतलेले, मग परागंदा झालेले आणि आता जेनोवात शिकवणारे. आपल्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी ॲव्होगॅड्रो यांचा नियम पुन्हा हाती घेतला होता आणि १८५८ मध्ये तो अभ्यासक्रम छापलाही होता. त्यांची रीत आजही शिकण्यासारखी आहे.

हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, म्हणून त्याचे वजन २ धरा. मग कोणताही वायू हायड्रोजनपेक्षा जितके पट जड, त्याची दुप्पट म्हणजे त्याचे रेणुवस्तुमान. मिथेन आठपट जड, म्हणून १६. कार्बन डायऑक्साइड बावीसपट, म्हणून ४४. अल्कोहोलची वाफ तेवीसपट, म्हणून ४६. आता प्रत्येकाचे पृथक्करण करून पाहा की त्यात कार्बन किती. मिथेनच्या १६ मध्ये १२, कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये १२, अल्कोहोलच्या ४६ मध्ये २४. कितीही संयुगे घ्या, कार्बन १२ च्या पटीतच येतो, त्याहून लहान हिस्सा कधीच येत नाही. मग कार्बनचा अणू १२ च असणार. अशाच मार्गाने ऑक्सिजन १६. सूत्र आधी की वजन आधी, हा फेरा तुटला.

परिषदेत मतदानाने काही ठरले नाही. पण निघताना कानिझारो यांची छापील पुस्तिका वाटली गेली. जर्मनीचे लोथार मायर यांनी ती वाचली आणि त्यांच्या शंका फिटल्या. रशियाचा तरुण मेंडेलीव्हही परिषदेला हजर होता. अणूंची वजने एकदा पक्की झाल्यावर ती ओळीने मांडता आली, आणि १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांची आवर्तसारणी आली. ॲव्होगॅड्रो यांना जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

आजचा हिशेब

पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाने जो प्रचंड अंक येतो, तो त्यांनी कधी काढला नाही. एका मोलमध्ये कण किती, याचा अंदाज बांधण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी केले. फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी १९०९ मध्ये त्या अंकाला ॲव्होगॅड्रो यांचे नाव द्यावे असे सुचवले. २०१९ पासून तर मोलची व्याख्याच या अंकावर उभी आहे. ६०२ वर २१ शून्ये, हा त्याचा ढोबळ आकार. हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजत नाहीत, तोलतात. एक खिळा दोन ग्रॅमचा असेल तर किलोत पाचशे. मोलचे काम हेच आहे, फक्त खिळे फार बारीक आहेत.

ही मोजणी घरातही भेटते. परदेशातल्या मुलाने रक्तातली साखर ७ आली असे कळवले, तर इथल्या आईवडिलांनी घाबरून जाऊ नये आणि ती फार कमी आहे असेही समजू नये. ब्रिटनसारख्या देशांत ती एका लिटरमागे मिलिमोलमध्ये सांगतात, आपल्याकडे १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०, म्हणून तिथल्या आकड्याला १८ ने गुणायचे. ७ चे होतात १२६. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक हीच मधुमेहाच्या निदानाची रेषा आहे, म्हणजे त्या मुलाने डॉक्टरांकडे जायला हवे.

हिशेब करताना एक चूक हमखास होते. काही पदार्थांच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते आणि ते विसरले जाते. निर्जल ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०, पण पाण्याचा एक रेणू सोबत असलेल्या ग्लुकोजचे १९८. औषधनिर्माता हा दुसरा प्रकार वापरत असेल, तर ओआरएससाठी १३.५ ग्रॅमऐवजी १४.८५ ग्रॅम घ्यावे लागतात. सोडियम सायट्रेटमध्येही पाण्याचे दोन रेणू असतात. ते धरले तर आकडा २९४ येतो, सोडले तर २५८. त्या २.९ ग्रॅम सायट्रेटमधून सोडियमचे सुमारे ३० मिलिमोल येतात आणि २.६ ग्रॅम मिठातून सुमारे ४५. बेरीज ७५. अठरा हा पाण्याचा आकडा बरोबर असल्याशिवाय यातले काहीच जुळत नाही.

म्हणून ओआरएसची मोठी पुडी फोडली की ती पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात घालावी. अंदाजाने अर्धी पुडी पेलाभर पाण्यात ढवळू नये, आणि वरून साखरही घालू नये. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे. कमी पाण्यात द्रावण दाट होते आणि लहान मुलाला ते अपायकारक ठरू शकते. पुडीवरच्या ग्रॅमांमागे रेणूंचा नेमका हिशेब आहे, आणि तो आपण पाणी मोजून घेतले तरच टिकतो.